नुसत्या कागदावरची सही

उभ्या-उभ्या फुकटचा सल्ला मागणाऱ्यांचा मला फार राग येतो. लग्नात अक्षता हातात असताना, बँकेच्या रांगेत, एकदा तर दंतवैद्याच्या खुर्चीत तोंड उघडं असतानाही मला भाडेकरू कसा काढायचा हे विचारण्यात आलं आहे. म्हणून मी ब्लॉग सुरू केला. सोलापुरात बावीस वर्षं दिवाणी वकिली केल्यावर सांगण्यासारखं बरंच साठलं होतं, आणि लिहिताना मध्येच कुणी "पण आमच्या केसमध्ये कसंय बघा" असं म्हणू शकत नाही, हा मोठाच फायदा. वकिलाला जाहिरात करता येत नाही, त्यामुळे ब्लॉगवर फक्त माझं नाव, फोन नंबर नाही. प्रत्येक लेखाखाली ठरलेला मजकूर: ही माझी वैयक्तिक मतं आहेत, कायदेशीर सल्ला नव्हे, कुणाच्या प्रकरणावर इथे उत्तर मिळणार नाही.

लोक विचारायचे ते विचारायचेच. कमेंट माझ्या मंजुरीशिवाय दिसत नाही, आणि मंजुरीला मी रविवारी बसते, तेही जमलं तर. शिव्या गाळायच्या, कौतुक ठेवायचं, प्रश्न सोडून द्यायचे.

मग मी हक्कसोडपत्रावर लिहिलं. आमच्याकडे वडील गेले की वर्षश्राद्धाच्या आसपास भाऊ बहिणीला बोलावतो, जेवू घालतो, चांगली साडी देतो आणि एक कागद पुढे करतो. बहीण तो वाचत नाही. वाचला तर भावावर विश्वास नाही असं होतं. जमिनीतला हिस्सा सोडल्याची सही करून ती साडी घेऊन सासरी जाते. खर्च वाचवायला बरेच जण हा कागद स्टँपपेपरवर टाइप करून नुसता नोटरी करतात. मी तावातावाने लिहिलं, की रजिस्टर न केलेल्या हक्कसोडपत्राने हक्क जात नाही, असला कागद म्हणजे नुसता कागद. वाक्य झोकात जमलं होतं आणि मी स्वतःवर खूश होते.

त्यानंतरचे दोन रविवार चुकले. तिसऱ्या रविवारी सकाळी चहा घेऊन बसले, कमेंट उघडल्या, तर त्यात ही होती:

"म्याडम, तुमचा लेख वाचून लई हलकं वाटलं. मी कुंभारीत राहते, एमआयडीसीत टॉवेलला शिलाई मारते. माहेर मैंदर्गी. येत्या शुक्रवारी माझा भाऊ आण्णा नोटरीच्या कागदावर माझी सही घेणार हाय. सही केली तरी हक्क जात न्हाय म्हणता, मग मी करून टाकते की. आण्णाबी खुश आन् माझंबी काय जात न्हाय. बरोबर हाय न्हवं?"

तो शुक्रवार होऊन नऊ दिवस झाले होते. चहा तसाच राहिला.

माझ्या लेखातून असा अर्थ कुणी काढेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं, आणि पुन्हा वाचून पाहिलं तर तोच सरळ निघत होता. कायद्याने तो कागद कच्चा, हे खरं. पण एकदा सही झाली की तोच कागद तलाठ्यापासून कोर्टापर्यंत फिरवला जातो, बाईनं राजीखुशीनं सोडलंय म्हणून, आणि बाई दहा-बारा वर्षं तारखांना येत राहते. अशा बायका माझ्याच टेबलासमोर बसून गेल्या आहेत. हे मी लेखात लिहिलं नाही, कारण मग वाक्याचा झोक गेला असता.

स्वतःचा नियम मोडून मी उत्तर टाकलं: सही केली नसेल तर करू नका, केली असेल तर उद्याच वकील गाठा. पलीकडून काही नाही. सोमवारी नाही, मंगळवारी नाही. माझ्या म्हाताऱ्या कारकुनांना सांगितलं तर ते म्हणाले, "बाई, खाली लिवलंय की सल्ला न्हाय म्हणून. तुमी सुटला." कायद्याने सुटले असेन, पण मला माझीच लाज वाटत होती.

गुरुवारी दुपारी चाळिशीची एक बाई कोर्टाच्या गेटपासून माझं नाव विचारत वरच्या मजल्यावर माझ्या टेबलापर्यंत आली. "ब्लॉगवाल्या म्याडम तुमीच का? मी कुंभारीची. तुमचं उत्तर कालच दिसलं."

मी उठून उभी राहिले, बसा म्हणायचंही विसरले. "सही केलीत?"

"न्हाय की."

मीच खाली बसले. इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं, आणि कारकुनांनी ते बघून न बघितल्यासारखं केलं.

मग तिने सांगितलं. "शुक्रवारी आण्णा न्यायला आला. साडीबी आणली हुती. गाडीवर मागं बसले, पण मनाला खाऊ लागलं. कागदात दम न्हाय हे मला म्हाईत आन् त्याला न्हाय. भावाला फशिवल्यागत झालं की हे. अक्कलकोटात नोटरीच्या दारात फोनवर तुमचा लेख काढून त्याच्या हातात दिला. म्हनलं, आण्णा, मी सही करते, पण ह्या कागदानं कायबी हुत न्हाय, वाच."

"मग?"

"दोनदा वाचलं त्यानं. म्हनला, असं हाय व्हय, मग रजिस्टरच करू. तवा मी म्हनलं, खऱ्या कागदावर सही करायची तर आदी इचार करावा लागंल."

कारकून मोठ्याने हसले. मलाही आवरेना. चार दिवसांत पहिल्यांदा हसत होते.

"रागावले असतील ते."

"व्हय. धड बोलत न्हाय. पण आज त्योच घिऊन आलाय. खाली गाडीपाशी हुबा हाय. म्हनतो, त्या बाईनं लिवलंय, तर तिनंच निस्तरावं."

म्हणजे दोघांनाही मीच हवी होते. मी तिला समजावलं, की हक्क तुमचा आहे आणि तुम्ही तो सोडलात तर फायदा त्यांचा, अशा वेळी एका वकिलाला दोन्हीकडून बोलता येत नाही. मी एकाचीच वकील होईन, दुसऱ्याने दुसरा बघावा. ती माझीच पक्षकार होणार हे धरून मी वहीचं नवं पान उघडलंही होतं.

तिने माझ्या वहीकडे पाहिलं.

"मग आण्णाचेच वकील व्हा," ती म्हणाली. "मला आता समजलंय. त्याला कोन खरं सांगणार?" आणि ती भावाला बोलवायला जिना उतरून गेली.