मालकाच्या पानावरची जनावरं

सरस्वतीपुरममधल्या एका पशुवैद्य बाईंची वेबसाइट मी करत होते. नोकरी सुटल्यापासून अशी कामं घरूनच घ्यायची. त्या आठवड्यात डोळे, मान, सगळंच थकलं होतं.

कुत्र्याचं पान उघडलं की त्याच्या मालकाचं नाव बरोबर यायचं. टेम्प्लेटमध्ये, म्हणजे पानाच्या साच्यात, प्राणी, टिंब, मालक, टिंब, नाव, एवढंच लिहायचं. मालकाच्या पानावर मात्र त्याच्या जनावरांची जागा कोरी. लाल अक्षरांत एखादी चूक दाखवली असती तरी बरं वाटलं असतं. नुसतं पांढरं. मी स्पेलिंग तपासत राहिले.

शेवटी पुण्याच्या मैत्रिणीला फोन केला. पूर्वी आम्ही एकाच ऑफिसात होतो.

"अगं, कुत्र्याला मालक एकच," ती म्हणाली. "मालकाची जनावरं कितीही असतील. तिकडून सगळा संच मागावा लागतो. मालक, टिंब, प्राणी, त्याला जोडून अंडरस्कोर सेट, मग टिंब, ऑल. आणि कंस देऊ नकोस, टेम्प्लेटला चालत नाहीत."

तसं लिहिलं. जनावरं आली. मी लॅपटॉप मिटला आणि आडवी झाले.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात दाखवायला गेले. डॉक्टरबाई या कन्नड गावातल्याच जुन्या मराठी घरातल्या, बोलण्यात निम्मं कन्नड. त्यांनी एका आजींचं पान उघडलं. दोन मांजरं, एक कुत्रा.

"अय्यो, हा गेला की!" कुत्र्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या. "मीच शेवटचं इंजेक्शन दिलं. आजी फोनवर हे बघतील. बेडा, असं नको."

"सगळी मागितली, म्हणून सगळी आली," मी म्हटलं. "पुसून टाकू?"

त्या म्हणाल्या, "पुसू नका. माझ्याकडे नोंद राहू दे. त्यांना दिसायला नको."

म्हणजे पुन्हा काम. अशी निवड टेम्प्लेटमध्ये होत नाही. मागच्या कोडमध्येच हयात जनावरं वेगळी काढून पानाकडे पाठवावी लागतात. ते केलं. मग डॉक्टरबाईंच्या शेजारी बसून एकेका जनावरापुढे खूण करत गेलो. हा आहे. ही गेली. हाही गेला.

"ह्या गाईचं गोत्तिल्ला, माहीत नाही," त्या म्हणाल्या. "ते लोक गाव सोडून गेले."

ती आहे, अशी मी खूण केली. त्यांनी पुढचं पान उघडलं.