लोड न घेणारी सुवर्णावहिनी

आमच्या इनामगावात लोड दोन जागी असतो, गाडीत नाहीतर डोक्यात. शिरूरच्या मार्केटला कांदा निघाला की गाडीत लोड. सणसवाडीच्या कंपनीत पोराचं पर्मनंट लटकलं की आईच्या डोक्यात लोड. शेजारच्या सुवर्णावहिनी पिकअप चालवतात, म्हणजे पहिला लोड रोज वाहतात. दुसरा त्यांनी आयुष्यात घेतला नाही, आणि याचा मला मनापासून हेवा वाटतो.

त्यांचे सासरे रखमाजीआबा नेमके उलटे. गुडघे गेल्यापासून पाण्याची कळशी उचलत नाहीत, पण जगाचा घोर एकटे वाहतात. त्यात शर्यतीचा बैल चिमण्या म्हणजे आबांचा जीव. वहिनींच्या गाडीतून फ्लॉवर जाईल, टोमॅटो जाईल, पण चिमण्या? "बाईच्या हाती बैल द्यायचा न्हाई," हा आबांचा कायदा. वहिनींना मात्र नेमका तोच लोड न्यायचा होता. दर जत्रेला विचारायच्या, दर जत्रेला नकार ऐकायच्या.

यंदा जत्रेच्या सकाळी नेहमीचा ड्रायव्हर गोकुळ आलाच नाही. शर्यतीतली बारी, म्हणजे पळायची पाळी, चुकायची वेळ आली, तेव्हा आबांनी तोंड वाकडं करून होकार दिला. रिवाज असा की मालकानं मागे बैलापाशी उभं राहायचं. आबा वेसण धरून उभे राहिले आणि गाडी हलली तसे ओरडू लागले, "हळू! खड्डा हाय! अगं, हळू!" चिमण्या खुरं आपटायला लागला. मी सोबतीला म्हणून वहिनींच्या शेजारी पुढे बसलो होतो, मलाच घाम फुटला.

वहिनींनी गाडी बाजूला घेतली. "आबा, तुम्ही पुढं या."

"आन् बैलापाशी कोण?"

"भाऊजी जातील. बैल रस्त्याला न्हाई, तुमच्या आरडण्याला भितोय. लोड तुम्ही घेताय आन् घाम त्याला फुटतोय."

सासऱ्याला असं तोंडावर सांगणारी सून आमच्या आळीत दुसरी नाही. आबा लालबुंद झाले. पण चिमण्याच्या अंगावरून हात फिरवला तर खरंच ओलं. मग गुपचूप पुढे गेले आणि मी मागे.

थोड्या वेळात चिमण्या रवंथ करू लागला. मी काचेतून पाहतो तर आबांची मान कलंडलेली, तोंड उघडं. जत्रेच्या आठवड्यात घरीसुद्धा ज्यांचा डोळा लागत नाही, ते आबा ढाराढूर!

जत्रेत शर्यतीच्या घाटात, म्हणजे धावपट्टीवर, चिमण्या जीव तोडून पळाला. दुसरा नंबर आला. भंडारा उधळला, फेटे उडाले. मीही नाचलो आणि त्या नादात एक चप्पल घालवून बसलो.

निघताना गोकुळ धापा टाकत आला. "आबा, चुकलं माझं. पुढच्या जत्रेला लोड घेऊ नका, मी हाय. नवी मोठी गाडी घेतलीया."

आबा तोवर वहिनींच्या शेजारी चढून बसले होते. दार ओढून घेत म्हणाले, "गाडी झकास आसंल रं तुझी. पण तिच्यात मला झोप न्हाई लागायची."