इंग्रजी, इंडोनेशियामार्गे

भंडारीकाकांचं इंग्रजी इंडोनेशियामार्गे यायचं. पनवेलहून उरणची एस.टी. जासईमार्गे जाते ना, तसंच. 'गिव्ह अप' म्हणजे काय असं विचारलं की काका आधी डोळे मिटून म्हणायचे, "मन्येराह." मग दोन्ही हात वर करून, शरण आल्यासारखे भिंतीला टेकून उभे राहायचे. मराठी अर्थ सगळ्यात शेवटी उतरायचा, आणि कधीकधी उतरायचाच नाही.

काका मूळचे उरणजवळच्या करंजाचे. बावीस वर्षं मालवाहू बोटीवर स्वयंपाकी होते. तिथे स्वयंपाकघराच्या मुख्याला भंडारी म्हणतात, तेच नाव पनवेलला आमच्या आळीतही चिकटलं. बोटीवर त्यांच्या खोलीत बुदी नावाचा इंडोनेशियन खलाशी होता. त्याच्या पुस्तकात डावीकडे 'लुक आफ्टर', 'पुट ऑफ' असल्या इंग्रजी जोड्या आणि उजवीकडे त्यांचे इंडोनेशियन अर्थ होते. काकांनी इंग्रजी त्यातूनच उचललं, आणि निवृत्त होताना पुस्तकही.

मी दहावीला इंग्रजीत आपटले तेव्हा बाबांनी जाहीर केलं, ऑक्टोबरला पास, नाहीतर शिक्षण बंद आणि शिवणक्लास. मला तर धड सुईत दोरा ओवता येत नव्हता. आईने मला काकांकडे धाडलं आणि फी म्हणून रोज वाटीभर आमटी द्यायला लागली. पहिल्याच दिवशी काकांनी ती चाखली आणि शिकवणी सुरू केली. "रन आउट म्हंजे हाबिस. तुज्या आयशीचा मीठ हाबिस. सपला." आई आठवडाभर फुरंगटून होती.

शिकवताना काका सगळं करून दाखवायचे. 'लुक आफ्टर'ला मरावात म्हणत मांजराला थोपटायचे, 'ब्रेक डाउन'ला रुसाक म्हणत टेबलफॅनला लाथ घालायचे, 'पुट ऑफ'ला मनुंदा म्हणत हातातलं काम उद्यावर ढकलायचे. काकू आतून कुरकुरायच्या, "या मानसाशी भांडाची सोय नाय. मदीच परदेशात जातो."

घरातून निघताना आपण 'येतो' म्हणतो. काका 'कंबाली' म्हणायचे. कंबाली म्हणजे कम बॅक. 'जातो' हा शब्द त्यांना खपायचा नाही. बोटीवरच्या माणसानं तर तो तोंडातून काढूच नये, म्हणायचे.

ऑक्टोबरच्या पेपरात उताऱ्याचं मराठी भाषांतर आलं. त्यात नेमके 'रन आउट' आणि 'पुट ऑफ'. काय सांगू, मला एकही मराठी शब्द आठवेना! कानात नुसते काका. घंटा व्हायला आली तेव्हा मी लिहून मोकळी झाले, 'पाव हाबिस झाला म्हणून आजोबांनी प्रवास मनुंदा केला.' घरी आल्यावर उशीत तोंड खुपसून रडले. शिवणयंत्राची घरघर ऐकू यायला लागली होती.

काका मात्र शांत होते. "उत्तर बरोबर हाय. भाषा येगली हाय, येवढाच."

त्यांनी तिथल्या तिथे बोर्डाला पत्र लिहिलं. 'सदर मुलीचे उत्तर अचूक असून ते इंडोनेशियन भाषेत आहे. शंका असल्यास श्री. बुदी यांस विचारावे.' खाली सही आणि हुद्दा, निवृत्त भंडारी. आम्हा सगळ्यांना ते वाचून दाखवलं, खिशात घातलं आणि कंबाली म्हणून पोस्टाकडे निघाले.

निकाल लागला, सदतीस गुण! आळीने सगळं श्रेय पत्राला दिलं. बाबा स्वतः काकांना पेढे देऊन आले. शिवणक्लास टळला, मी कॉलेजात गेले. पण आतून मला लाज वाटत राहिली. आपण अभ्यासावर नाही, बुदीच्या ओळखीवर पास झालो, असं कित्येक वर्षं वाटायचं.

पुढे काका-काकू कायमचे करंजाला राहायला निघाले. एस.टी. स्टँडवर पाया पडताना मी म्हणाले, तुमच्या पत्रामुळे माझं शिक्षण झालं. काकांनी आधी काकूंकडे बघितलं आणि मग मान खाजवली.

"ता पत्र मी टाकलाच नाय, पोरी. मनुंदा केला. आज टाकू, उद्या टाकू, तवर तुजा निकाल लागला."

"मग मी पास कशी झाले?"

"आता ता मी कसा सांगू? पेपर तू लिवलास."

मी हसत होते की रडत होते, मलाच कळत नव्हतं. गाडी सुटली. खिडकीतून हात काढून काका ओरडले, "कंबाली!"

ते परत आले नाहीत. दोन वर्षांनी करंजाहून निरोप आला, काका गेले. मी मात्र अजून घरातून निघताना कंबाली म्हणते. मुलं विचारतात, आई, ही कुठली गं भाषा? मी सांगते, इंग्रजी.