मंगलआक्काच्या दोन गोळ्या

वडगावातल्या विणकर गल्लीत मंगलआक्काला सगळे डॉक्टरीणच समजत. खरं तर ती बेळगावातल्या एका लॅबमध्ये टेक्निशियन. पण पांढरा कोट घालणारी बाई गल्लीत दुसरी होती कुठं? कुणाला ताप आला की माणूस तिच्या दारात. "आक्का, साडी मागावर हाय, झोपून चालत न्हाय. काय तरी दे." मग आक्का घरच्या डब्यातल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या हातावर ठेवी. हीच बाई लॅबमध्ये पेशंटांना दटावायची, "कोर्स पुरा करायचा, मधी सोडायचा न्हाय." घरी येताना मात्र हे शहाणपण चपलांबरोबर उंबऱ्याबाहेरच राहायचं.

सासरे मल्लाप्पा तिचे सगळ्यात निष्ठावंत पेशंट. साखरेचा आजार, पायाला सारख्या जखमा. दोन गोळ्या घेतल्या की आप्पा परत मागावर. यंदा मात्र अंगठा सुजला आणि सूज काही उतरेना. शेवटी गाठलेले डॉक्टर म्हणाले, "पू तपासा. जंतूवर कुठलं औषध चालतंय ते कळू दे, नाहीतर अंगठा काढावा लागेल."

पू आला तो आक्काच्याच टेबलावर. तिनं जंतू वाढवले, प्लेटभर पसरले, वर औषधात भिजवलेल्या बारीक चकत्या ठेवल्या. औषध लागू पडलं तर चकतीभोवती जंतू वाढत नाहीत, स्वच्छ कडं दिसतं. दुसऱ्या दिवशी बघते तर काय, जंतू चकत्यांना खेटून बसलेले, पाटावरच्या जावयासारखे निवांत.

"चकत्याच जुन्या असतील," ती स्वतःशी म्हणाली. पडताळ्यासाठी लॅबमध्ये राखून ठेवलेले साधे जंतू असतात, त्यांच्यावर त्याच चकत्या लावल्या. तिथं सकाळपर्यंत कडी पडली, आणि पट्टीनं मोजली तर मिलिमीटरला बरोबर. मेल्या चकत्या चांगल्या निघाल्या! आप्पांच्या प्लेटवर कडं एकच, दवाखान्यात राहून शिरेतून घ्यायच्या भारी इंजेक्शनचं. डब्यातली गोळी साफ नापास. अर्धवट गोळ्या खाऊन जंतू औषधाला सरावले होते; हे आपल्याच हातचं काम, हे आक्काला कळलं.

संध्याकाळी आप्पांना ॲडमिट केलं. सिस्टरनं कागद पुढं ओढून विचारलं, "आजोबा, याआधी कुठली औषधं घेतलीत?"

आक्का सांगायला पुढं झाली, पण आप्पांनी तिला हातानंच थांबवलं. उशीवरनं मान उचलून मोठ्या अभिमानानं म्हणाले, "आमची सूनच लॅबात हाय बाई. तिच्यामुळं धा वर्सं डाक्टराची पायरी चढायची पाळी आली न्हाय."

सिस्टर लिहायची थांबली आणि आक्काकडं बघत राहिली.