कारखान्याचा माळा

आमच्या पेणच्या गणपतीच्या कारखान्यात माळ्यावरून दोनच गोष्टी खाली येतात, मूर्ती आणि किस्से. मूर्ती चतुर्थीपर्यंत संपतात. किस्से मात्र साठतच जातात, कारण माळ्याला कौलं आहेत, मागे डोंगर आहे आणि डोंगरातलं काहीही कौलांतून आत शिरतं.

मी इथे स्प्रेने रंग मारतो. मालक भाऊकाका सत्तरीच्या पुढचे. डोळ्यांची आखणी फक्त तेच करतात. त्यांची सून वनितावहिनी दागिने, किनार, नखं सगळं रंगवते, पण गेली नऊ वर्षं तिला डोळे आखायचे आहेत. दर वर्षी ती विचारते आणि दर वर्षी भाऊकाका म्हणतात, "अजून नाय गो." तिचं यंदाही विचारून झालं होतं.

* * *

एकदा रोह्याच्या मंडळाची मोठी मूर्ती माळ्यावरून उतरवून टेंपोत चढवली. मूर्ती आतून पोकळ असते. दुपारी रोह्याहून अध्यक्षांचा फोन आला. आधी म्हणाले, मूर्ती सुखरूप पोचली, रंग झकास आहे. मग जरा थांबून म्हणाले, "आतलं कांडेचोर पण पोचलं. ते आमच्याच ऑर्डरीतलं काय?"

बिचारं उदमांजर पोटात झोपलं होतं, त्याला फुकट रोह्याची वारी घडली.

* * *

मग धामण निघाली. कुणी वर जाईना, म्हणून सर्पमित्राला बोलावलं. तो बॅटरी, काठी, पिशवी घेऊन चढला, वर बरीच झटापट झाली आणि पिशवीचं तोंड आवळून घामाघूम होऊन उतरला. भाऊकाकांनी पिशवी वरून चाचपली. म्हणाले, "अरे, हा सोंडेचा रबरी साचा हाय. परत ठेव वर."

धामण अजून माळ्यावरच आहे. उंदीर बंद झाले, त्यामुळे आम्हीही तिचं नाव काढत नाही.

* * *

आता यंदाच्या श्रावणातली गोष्ट. भाऊकाकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, तरी नजर पूर्वीची राहिली नव्हती. हातही कापायचा. आम्हाला सगळ्यांना दिसत होतं, बोलायची हिंमत कुणाची होत नव्हती. मला तर त्यांच्याकडे बघून वाईट वाटायचं.

एका दुपारी किती मूर्तींची आखणी राहिली ते बघायला ते स्वतः शिडी चढले. वर पांढऱ्या मूर्ती फळीवर ओळीने, सगळ्या बिनडोळ्यांच्या. थोड्या वेळाने वरून हाक आली, "वनिता!"

मी कंप्रेसर बंद केला.

कोपऱ्यातल्या मूर्तीचे डोळे तू आखलेस का, असं त्यांनी वरूनच विचारलं. वहिनीचा चेहरा उतरला. आखणीच्या ब्रशला हातसुद्धा लावला नाही, म्हणाली.

"खोटं बोलू नको गो," भाऊकाकांचा आवाज एकदम मऊ झाला. "सरळ माझ्याकडं बघतायत. गेल्या दोन वर्सांत माझ्याच्यानं असे डोळे झाले नाय."

आणि मूर्तीने पंख उघडले. पांढऱ्या तोंडाचं ते घुबड आमच्या डोक्यांवरून दारातून बाहेर गेलं आणि समोरच्या चिंचेत शिरलं.

भाऊकाका एकेक पायरी करत उतरले. कुणी हसलं नाही. चष्मा पुसून ते आपल्या पाटावर बसले. आखणीचा बारीक ब्रश पाण्यात धुतला, मग उठले आणि तो वहिनीपुढे धरला.

"बाबा, पण ते मी नव्हते आखले," वहिनी म्हणाली.

"ठाव हाय," भाऊकाका म्हणाले. "आता आख."