नारू नव्हता, शीर होती

बिडी-सिगारेटवाल्या मित्रांनो, तुमचा पाय जाऊ शकतो.

तुमचं गाऱ्हाणं मला ठाऊक आहे. दात दुखला तरी घरचे म्हणतात, "बिडी सोड." वैताग येतो. मलाही यायचा.

तरी वाचा.

माझ्या आजोबांना, आबांना, जाऊन आज तीस वर्षं झाली. ही त्यांनीच शंभरदा सांगितलेली गोष्ट.

निजामाच्या राज्यात ते पाठीवर गठ्ठा घेऊन गावोगाव कापड विकायचे. पाय हेच दुकान.

ऐन पंचविशीत पोटरीवर कातडीखाली लाल, दुखरी दोरी उठली.

बारवेचं, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीचं, पाणी पिणाऱ्या आमच्या भागात असं काही दिसलं की सगळे एकच म्हणत: नारू. अंगात वाढणारा किडा. काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढून काढायचा.

आबा लंगडत नेकनूर गावी मेहरूनखालांकडे गेले; खाला म्हणजे मावशी. नारू काढण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

"खाला, चीर द्या अन् काढा."

खालांनी दोरी चाचपली. "नारूला तोंड येतं. याचं तोंड कुठंय?"

"मागच्या महिन्यात डाव्या पायात व्हता. आता उजव्यात आलाय."

"नारू काय बाजाराला निघालाय, ह्या पायातून त्या पायात जायला? ही शीर सुजलीय बाबा."

मग त्यांनी पायाची बोटं धरली. गार. करंगळी काळी पडू लागलेली.

"बिडी वढतो?"

"लई."

"असले तिघं आलते माझ्याकडं. तिघंबी बिडीवाले. दोघांचे पाय दवाखान्यात कापावे लागले. तिसऱ्यानं बिडी टाकली, त्यो हिंडतोय."

आबा रडकुंडीला आले. "मग नुसता तंबाखू खाऊ का?"

"तोंडातून गेला म्हंजी पायाला पत्ता लागत न्हाई व्हय रे?"

आबांनी बंडल तिथंच खालांच्या चुलीत टाकलं. पुढे महिनाभर घरात सगळ्यांवर खेकसले.

शिरा हळूहळू निवल्या. करंगळीचं टोक गेलं. पाय राहिला.

ऐंशीव्या वर्षीही पायी बाजार करून यायचे. करंगळी दाखवून आम्हा नातवंडांना म्हणायचे, "एवढं खाल्लं बिडीनं. बाकीचं माझं."

आणि पोटभर हसायचे.

डॉक्टर मित्र सांगतो, तंबाखूने रक्तवाहिन्या सुजण्याचा हा आजार आजही आहे. कित्येकांत शिरा अशाच जागा बदलत सुजतात.

खालांकडे ना डिग्री होती, ना मशीन. त्यांनी हात लावून पाहिलं, आणि सगळे नारू म्हणत असताना चिरलं नाही. याला मी विद्या म्हणतो!

आबा, मेहरूनखाला, तुम्हा दोघांना नातवाचा सलाम.

आणि मित्रा, हे वाचताना तुझ्या हातात पेटलेली असेल, तर ती विझव.

आत्ता.