शुभदाचा ठिपका

शुभदा कुठलाही कागद आधी पाठीमागून बघायची. खिडकीच्या काचेवर धरायची, मान तिरकी करायची. लाइटबिलसुद्धा. मला वाटायचं, डोक्यात काहीतरी बिघाड आहे.

चेन्नईत वेलचेरीला, माझ्या घराच्या वरच्या खोलीत ती भाड्यानं राहायची. नोकरी शोळिंगनल्लूरला. तिचं काम म्हणजे ऑफिसातल्या प्रत्येकाला विचारायचं, तुम्हाला सगळ्यात जवळचं कोण, मग कोण, शेवटी कोण. त्या नंबरांवरून कॉम्प्युटर ठिपक्यांचा नकाशा काढी. जवळची माणसं जवळ, लांबची लांब. मी चौथी शिकलेली, पण एवढं मला कळलं.

"आणि भांडले की?" मी विचारलं.

"ठिपके लांब जातात. अंतर कळतं, मावशी. कारण कळत नाही." हे ती नेहमी म्हणायची.

एकदा संतापून घरी आली. साहेबानं गेल्या वर्षीचा आणि यंदाचा असे दोन नकाशे शेजारी ठेवले होते. तिच्या ऑफिसातला मुरुगन तेव्हा उजवीकडे, आता डावीकडे. साहेब म्हणाला, यानं गट बदलला, काढा याला. बाकीचे ठिपके त्यानं बघितलेच नाहीत. त्याला मुरुगनलाच काढायचं होतं.

"नकाशाला उजवं-डावं नसतंच हो! कॉम्प्युटर कसाही उलटा काढतो." तिनं एक कागद उलटा करून दुसऱ्यावर ठेवला, काचेला लावला. ठिपक्यावर ठिपका बसला. मुरुगनचाही. एकच पार कोपऱ्यात गेलेला.

"हा कोण पळाला?"

"मी." ती हसली. "त्यांच्यात डबा खायला जात नाही ना हल्ली."

"माजलीस," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तिनं तेच कागद सगळ्यांसमोर साहेबाला दाखवले, स्वतःच्या ठिपक्यासकट. मुरुगनची नोकरी राहिली. तिला कोणी काही विचारलं नाही.

तिच्या पोटात अन्न ठरत नव्हतं. चारचौघांत ओकारी नको म्हणून ती ऑफिसच्या जिन्यात बसून दोन घास खायची. हे आम्हाला कळलं, डॉक्टरनं आजार सांगितला, तेव्हा फार उशीर झाला होता.

शेवटच्या दिवशी तिचा भाऊ नाशिकहून निघालेला, पोचायचा होता. मुरुगन हॉस्पिटलात आला, तो तिच्या खोलीच्या दारातच थांबला. "अम्मा, मी तिला शेवटचा नंबर दिला होता. वाटलं, गर्व झालाय." आणि बाकावर बसून रडायला लागला. आत जा, तिला सांग, असं मी म्हणायला हवं होतं. मीही त्याच्या शेजारी बसले. आत जायला मलाही तोंड नव्हतं.

नर्सनं बाहेर येऊन ती गेल्याचं सांगितलं तेव्हा आम्ही दोघं बाकावरच होतो. आत तिच्याजवळ आपलं कोणी नव्हतं.